भिंग पुसायचे फडके



आज मी आपल्याशी एका वीतभर फडक्याविषयी बोलणार आहे. कॅमेऱ्याचे भिंग पुसायचे फडके. विषय ऐकून कुणी म्हणेल, “त्यात काय बोलायचं? सदऱ्याचं टोक आहे, उपरणं आहे, घरात लुगड्याचा पदर आहे. पुसलं की झालं!” मीही वर्षानुवर्षे असेच म्हणत होतो. ते म्हणणे मला महागात पडले, ती हकिकत आधी सांगतो.

मी कॉलेजात इतिहास शिकवतो. सुट्टीत विद्यार्थ्यांना घेऊन खेडोपाडी हिंडायचे, देवळाबाहेरचे वीरगळ आणि शिलालेख पाहायचे, त्यांचे फोटो घ्यायचे, हा आमचा परिपाठ. एका गावी वेशीजवळ फार सुरेख वीरगळ होता. खाली गाई वळवून नेणारे शत्रू, मधे लढणारा वीर, वर शिवलिंगाची पूजा. वैशाखाचे दिवस, रस्त्याची धूळ उडालेली. भिंगावर धूळ दिसली, ती मी सदऱ्याच्या टोकाने खसाखसा पुसली आणि मावळत्या उन्हाच्या तोंडावर दहाबारा फोटो घेतले. घरी येऊन पाहतो, तो सगळ्या फोटोंवर धुक्यासारखा पांढुरका पडदा! सदऱ्याचा घाम भिंगावर पसरला होता, आणि दिव्यापाशी धरून पाहिले तर काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे उठलेले. म्हटले, पुढच्या वर्षी पुन्हा जाऊ. पुढच्या वर्षी गेलो, तर गावकऱ्यांनी भक्तिभावाने त्या दगडाला तैलरंगाचे दोन जाड हात दिले होते. वीराचे नाक-डोळे, हातातली तलवार, सगळे रंगाखाली गेले. गावकऱ्यांना बोल लावण्यात अर्थ नव्हता. माझ्या हाती होते ते मीच घालवले होते.

मंडळी, आज भिंग काही एकट्या फोटोग्राफरच्या घरी नाही. मोबाइलला भिंग आहे, आजोबांच्या चष्म्याला आहे, शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाला आहे. तेव्हा ही गोष्ट सगळ्यांच्याच कामाची आहे.

सदऱ्याने नुकसान होते ते कसे? आपण समजतो की कापड मऊ आहे, काच कठीण आहे, मग मऊ वस्तू कठीण वस्तूला काय करणार? खरेच आहे, कापड काचेला काही करत नाही. करते ती धूळ. पदार्थांचा कठीणपणा मोजायची 1 ते 10 अशी एक श्रेणी आहे. हिरा 10 वर, साधी काच साडेपाचच्या आसपास आणि गारगोटी 7 वर. धुळीत या गारगोटीचेच बारीक कण असतात. आपल्या घरी पितळेची भांडी कशाने घासत? चोथ्यावर माती नाहीतर राख घेऊन. धूळ बसलेल्या भिंगावर सदरा फिरवणे म्हणजे दुसरे काय? चोथा मऊ आणि माती कठीण. आपण भिंग पुसत नाही, घासतो!

त्यातून कॅमेऱ्याचे भिंग म्हणजे नुसती काच नव्हे. ते तिरके धरून पाहा, त्यावर निळसर-जांभळी झाक दिसेल. तो एक लेप असतो. उघड्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे 4 टक्के प्रकाश परत फिरतो. तो फुकट जाऊ नये, चित्र फिके पडू नये, म्हणून हा लेप. जर्मनीतल्या त्साइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी 1935 मध्ये ही युक्ती काढली. अशा लेपाच्या एका थराची जाडी साधारण एका मिलिमीटरचा दहाहजारावा भाग असते. त्यावरचा ओरखडा घरी काही केल्या भरून निघत नाही. चष्म्याची भिंगे तर आज बहुधा प्लॅस्टिकची असतात. ती काचेहून नरम, म्हणून त्यांना अधिकच जपावे लागते.

आता फडक्याकडे वळू. भिंगासाठी जे फडके आज चांगले मानतात, त्याला मायक्रोफायबर म्हणतात. आपण सूक्ष्मतंतूंचे कापड म्हणू. धाग्याचा बारीकपणा डेनिअरमध्ये मोजतात. 9,000 मीटर लांबीचा तंतू जितके ग्रॅम भरेल तितके त्याचे डेनिअर. सूक्ष्मतंतू 1 डेनिअरहून बारीक असतो. म्हणजे आपल्या गावापासून नऊ किलोमीटरवरच्या बाजारपेठेपर्यंत तो ताणला, तरी सगळ्याचे वजन एक ग्रॅमही भरायचे नाही! जपानमध्ये तोरे कंपनीतले शास्त्रज्ञ मियोशी ओकामोतो यांनी असे अतिसूक्ष्म तंतू घडवले आणि 1970 मध्ये त्यांचे कमावलेल्या कातड्यासारखे मऊ कापड बाजारात आले. ते पेहरावासाठी होते. पुसण्याच्या कामी असे तंतू मागाहून आले.

हे कापड पॉलिएस्टर आणि नायलॉन या दोन कृत्रिम द्रव्यांचे असते, बहुधा 80 भाग आणि 20 भाग, किंवा 70 आणि 30. दोन्ही द्रव्ये एकाच तंतूत संत्र्याच्या फोडींसारखी जोडून काढतात आणि मग त्या फोडी सुट्या करतात. सुट्या झालेल्या फोडींना कडा येतात, मधे फटी राहतात. कडा तेलकट डाग खरवडून उचलतात आणि फटी तो धरून ठेवतात. साधा गोल धागा डाग नुसता इकडून तिकडे सारतो. अंगणाला खराटा चालतो, पण घरातली बारीक धूळ केरसुणीच उचलते, तसेच हे.

पण दिसते तसे नसते, म्हणून जग फसते! बाजारात मायक्रोफायबर नावाने काय वाटेल ते मिळते. घेताना चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, पोत. मोटार पुसायचे फडके टॉवेलसारखे लूसदार, फासे सुटलेले असते. ते भिंगाला नको. त्या फाशांत कचकण अडकून बसतात. भिंगाचे फडके सपाट, घट्ट विणीचे, रेशमासारखे पातळ असावे. पुड्यावर जीएसएम असा आकडा असतो, म्हणजे एका चौरस मीटरचे वजन किती ग्रॅम. मोटारीच्या फडक्याला तो 300 किंवा त्याहून अधिक असतो. आकडा मोठा म्हणजे माल चांगला, असा हिशेब इथे करू नये.

दुसरी, फोडी सुटल्या आहेत की नाहीत. फडके कोरड्या हातावरून हलके फिरवा. चांगले फडके कातडीच्या खरबरीत जागी किंचित अडकल्यासारखे वाटते. शेतात राबणाऱ्या हाताला हे चटकन कळेल! मग ताटात पाण्याचे चार थेंब टाकून त्याने टिपा. पाणी शोषले तर ठीक. पाणी पुढे ढकलले गेले, तर नाव मोठे आणि लक्षण खोटे.

तिसरी, कड. जाड दोऱ्याने शिवलेली टणक कड आणि टोचणारी चिठ्ठी नसावी. कातरून, उष्णतेने बंद केलेली कड बरी.

चौथी, रंग. फिका रंग घ्यावा, म्हणजे मळलेले कळते. गडद असेल तर आधी पाण्यात बुडवून रंग जातो का ते पाहावे. चष्म्यासोबत दुकानदार जे फडके फुकट देतो, ते पुष्कळदा या कसोट्यांना उतरते. आपण मात्र त्याने टेबल पुसतो!

एक गोष्ट मनात पक्की धरा. उत्तम फडकेही धुळीवर फिरवले तर ओरखडेच काढील. म्हणून फडक्याची पाळी शेवटची. आधी धूळ उडवायची. त्यासाठी रबराचा दाबायचा फुगा मिळतो, पुढे छोटी नळी असलेला. ही आपली कॅमेऱ्याची फुंकणी समजा. तोंडाने फुंकू नये, थुंकीचे तुषार उडतात. भिंग खाली तोंड करून धरा, म्हणजे धूळ खाली पडेल. उरलेले कण मऊ कुंचल्याने झटका. एवढ्यावर काम भागले तर फडके लावूच नका. चारदोन धूलिकण फोटोत दिसतही नाहीत. बोटाचा तेलकट ठसा असेल तरच फडके घ्या. लागलेच तर भिंगाच्या द्रावाचा एक थेंब फडक्यावर टाका, भिंगावर नव्हे. मग मधून कडेकडे, गोल गोल, हलक्या हाताने पुसा. चष्मा मात्र आधी साध्या पाण्याखाली धरावा आणि मग टिपावा. ती सोय कॅमेऱ्याला नाही.

फडके मळले की कोमट पाण्यात साध्या सौम्य साबणाने धुवा. सुती कपड्यांबरोबर धुऊ नका, त्यांची लव त्याला चिकटते. कपडे मऊ करण्याचे द्राव घालू नका, त्यांचा लेप फटी बुजवतो. इस्त्री नको. सावलीत, धूळ नसेल तिथे वाळवा आणि झाकणाच्या डबीत ठेवा. खिशात ठेवले तर खिशातली धूळ त्यात शिरेल. जमिनीवर पडलेले फडके धुतल्यावाचून भिंगाला लावू नये. आणि कॅमेऱ्याचे अंग पुसायला वेगळे फडके ठेवावे. पावसाळ्यात ओले फडके कॅमेऱ्याच्या पिशवीत टाकू नका. ओलीने भिंगाला बुरशी धरते, आणि ती आत शिरली की फडक्याच्या हाती काही राहत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाच्या कपाटात असे एक फडके डबीत घालून ठेवा, आणि डबीवर लिहा, “आधी धूळ, मग फडके.” मुले एकदा शिकली की घरी जाऊन आजोबांचा चष्माही नीट पुसतील.

त्या गावी मी अजून जातो. वेशीजवळ तो वीरगळ तसाच उभा आहे, रंगाखाली. माझ्याजवळ त्याचे दहाबारा फोटो आहेत, सगळे धुक्यातले. विद्यार्थ्यांना मी ते दाखवतो आणि वीर कुठे उभा आहे ते बोटाने सांगतो. त्यांना तो दिसत नाही. मला दिसतो, कारण मी त्याला डोळ्यांनी पाहिले होते. आपल्या गावातही असे काहीतरी असेल, जे आज आहे आणि उद्या नसेल. त्याचा फोटो घ्यायला निघाल तेव्हा भिंगावर धूळ दिसली, तर हात सदऱ्याकडे नेऊ नका. क्षणभर थांबा.