विमागणितशास्त्र : पदव्युत्तर अभ्यासाची पूर्वतयारी



आपल्यापैकी काही जण पदवीनंतर विमागणितशास्त्राच्या, म्हणजेच ॲक्च्युरिअल सायन्सच्या, एम.एस्सी. अभ्यासक्रमास प्रवेश घेणार आहेत. पहिले सत्र सुरू होण्यापूर्वीचा काळ कसा उपयोगात आणावा, याविषयी मी बोलणार आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. एम.एस्सी. पदवी मिळाल्याने कोणी ॲक्च्युअरी होत नाही. त्यासाठी ॲक्च्युअरी अधिनियम, २००६ अन्वये कार्यरत असलेल्या 'इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडिया' या संस्थेच्या परीक्षा टप्प्याटप्प्याने उत्तीर्ण होऊन 'फेलो' व्हावे लागते. विद्यापीठातील अभ्यास या परीक्षांचा पाया भक्कम करतो. त्यांची जागा घेत नाही. म्हणून दोन्हींचे वेळापत्रक आरंभीच एकत्र आखावे.

या शास्त्राचा गाभा एका उदाहरणाने सांगतो. तीस वर्षांनंतर एक लाख रुपये देण्याचे वचन पाळण्यासाठी आज किती रक्कम हवी? व्याजदर ७ टक्के धरल्यास सुमारे १३,१४० रुपये. ६ टक्के धरल्यास सुमारे १७,४१० रुपये. गृहीतक केवळ एका टक्क्याने बदलले आणि तरतूद जवळजवळ एक तृतीयांशाने वाढली. लक्षावधी निवृत्तिवेतनधारकांच्या बाबतीत अशी चूक झाल्यास तिचा भार पुढील पिढीवर पडतो.

हा प्रश्न केवळ विमा कंपन्यांचा नाही. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत खरीप अन्नधान्य व तेलबियांसाठी शेतकऱ्याचा हप्ता विमा संरक्षित रकमेच्या कमाल २ टक्के, तर रब्बीसाठी दीड टक्के ठरविण्यात आला. विमागणिताने निघणारा दर याहून अधिक असल्यास फरकाची रक्कम शासन अनुदानरूपाने देते. साहजिकच दर किती अचूक, हा सार्वजनिक निधीचा प्रश्न ठरतो.

आता तयारीविषयी. कलनशास्त्र, संभाव्यता वितरणे, सशर्त अपेक्षित मूल्य आणि समाश्रयण यांची उजळणी करावी. चक्रवाढ व्याज व वार्षिकी यांची सूत्रे पाठ न करता स्वतः सिद्ध करावीत. 'आर' ही संगणकप्रणाली आणि एक्सेल यांचा सराव ठेवावा. व्यावसायिक परीक्षांतही संगणकावरील प्रश्नपत्रिका असतात.

याखेरीज एक स्वाध्याय अवश्य करावा. महानिबंधक कार्यालयाची नमुना नोंदणी पद्धतीवर आधारित आयुर्मान सारणी आणि विमाधारकांची २०१२-१४ ची भारतीय मृत्युमान सारणी शेजारी ठेवा. विमाधारकांचे मृत्युमान सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा कमी का असते? वैद्यकीय तपासणी आणि आर्थिक स्थिती ही त्याची प्रमुख कारणे. एका समूहाचा अनुभव दुसऱ्यास लावण्यातील धोका येथे समजतो.

मित्रहो, सूत्रे ग्रंथांत सापडतील. गृहीतक निवडण्याची जबाबदारी मात्र आपली असेल. प्रत्येक उत्तराखाली आपण काय गृहीत धरले आणि का, हे लिहिण्याची सवय आजपासूनच लावून घ्या.