बातमीखाली सही कोणाची?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला पंधरा मिनिटं दिली आहेत. विषय सचिवांनीच सुचवला. मोबाइलवरच्या बातमीवर किती विश्वास ठेवायचा आणि तो ठरवायला ब्राउझरमधल्या कोणत्या सोयी कामाला येतात, हे सांगायचं आहे. मी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला माणूस. संगणकातला तज्ज्ञ नाही. पण या विषयात मला एकदा चांगलीच ठेच लागली आहे, तेव्हा सुरुवात तिथूनच करतो.

8 डिसेंबर 2023 पासून केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, हे कसमादेतल्या माणसाला सांगायला नको. बंदी 31 मार्चपर्यंत होती. फेब्रुवारीत माझ्या धाकट्या भावाचा रांगडा कांदा निघालेला होता. रविवारी, 18 फेब्रुवारीला, मोबाइलवर बातमी आली की निर्यातबंदी उठली. एका साइटवर वाचली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. आपल्या सोसायटीच्या ग्रुपवरही ती मीच टाकली. आणि भावाला फोन केला, "ट्रॉली भरू नको. बंदी उठली. चार दिवस थांब, भाव अजून चढेल."

भाव चढलाही. लासलगावला 17 तारखेला क्विंटलचा सरासरी भाव 1,280 रुपये होता, तो 19 तारखेला 1,800 झाला. मी खुशीत. 20 तारखेला केंद्राच्या ग्राहक व्यवहार सचिवांनी खुलासा केला की बंदी उठवलेली नाही, आहे तशीच आहे. पुढे मार्चमध्ये तर तिची मुदत वाढली, आणि ती उठली थेट 4 मे 2024 ला. भावाने नंतर उमराण्याला माल नेला तेव्हा जो भाव मिळाला, तो काही इथे सांगत नाही. तो मला रागावला नाही. एवढंच म्हणाला, "दादा, तू वाचलं ते लिहिलं कोणी होतं?"

मला सांगता येईना. तीन साइट वाचल्या होत्या, पण बातमी नक्की कोणाच्या हवाल्याने आहे, हे एकदाही बघितलं नव्हतं.

मंडळी, आपल्या जिन्याखाली सूचना फलक आहे. गेली पंचवीस वर्षं आहे. त्यावर उद्या कोणी कागद चिकटवला की 'या महिन्यापासून मेंटेनन्स दुप्पट', तर आपण काय करतो? आधी खाली बघतो. सचिवांची सही आहे का, शिक्का आहे का, तारीख कोणती. सही नसेल तर म्हणतो, कोणीतरी चावटपणा केला. छापील वर्तमानपत्रातही शेवटच्या पानाच्या तळाला बारीक अक्षरांत मालक, मुद्रक, प्रकाशक आणि छापल्याचं ठिकाण असतं. ते देण्याचं बंधन 1867 सालच्या कायद्यापासून आहे. म्हणजे फलकावरची सही आपण बघतो, पेपर तर ती छापतोच. मोबाइलवर मात्र बघायची विसरतो. ब्राउझरची सगळी साधनं ही सही शोधायचीच साधनं आहेत. एकेक घेऊ.

पहिलं साधन म्हणजे वरची पट्टी, जिथे साइटचा पत्ता दिसतो. मोबाइलवर तो अर्धवट दिसतो, म्हणून त्यावर बोट ठेवून पूर्ण उघडा. डॉट कॉम, डॉट इन जे काही असेल, त्याच्यानंतरची पहिली तिरकी रेघ शोधा आणि तिथून उलट, डावीकडे वाचत या. रेघेच्या लगेच आधी जे आहे तेच खरं आडनाव. केंद्र आणि राज्य सरकारच्या बहुतेक साइटच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' किंवा 'निक डॉट इन' असतं. मधेच कुठेतरी 'गव्ह' किंवा 'इंडिया' लिहिलेलं असेल आणि शेवट 'डॉट कॉम' असेल, तर ती सरकारी साइट नव्हे. एखाद्या मोठ्या वर्तमानपत्राच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे केलेले पत्तेही असतात. चष्मा लावून वाचा.

दुसरं, कुलूप. अनेकांचा समज आहे की पत्त्याशेजारी कुलपाचं चित्र दिसलं की साइट खरी. नाही. कुलपाचा अर्थ एवढाच की तुमचा फोन आणि ती साइट यांच्यामधली नळी बंद आहे, वाटेत कोणी डोकावू शकत नाही. नळीच्या पलीकडच्या टोकाला सज्जन बसलाय की लबाड, हे कुलूप सांगत नाही. लबाडालाही कुलूप फुकट मिळतं. गुगलने 2021 मध्ये याचा अभ्यास केला, तेव्हा फक्त 11 टक्के लोकांना कुलपाचा नेमका अर्थ सांगता आला. शेवटी 2023 मध्ये त्यांनी क्रोममधून ते चित्र काढूनच टाकलं.

तिसरं, साइटवरचं 'आमच्याविषयी' हे पान. संपादक कोण, पत्ता कुठला, तक्रार कोणाकडे करायची, ते बघा. बातमीला तारीख आहे का, बातमीदाराचं नाव आहे का, तेही बघा. जुनी बातमी नव्याने फिरणं हा तर नेहमीचा प्रकार. काहीच लिहिलेलं नसेल, तर तो बिनसहीचा कागद समजा.

पण मुलांनो, इथे एक गोम आहे. 'आमच्याविषयी' हे पान ज्याचं त्यानेच लिहिलेलं असतं. स्वतःबद्दल वाईट कोण लिहील? म्हणून चौथं साधन सगळ्यांत महत्त्वाचं, आणि ते सगळ्यांकडे आहे. नवीन टॅब.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी 2017 मध्ये एक अभ्यास मांडला. 10 इतिहासाचे अभ्यासक, 25 विद्यार्थी आणि 10 बातम्या तपासणारे लोक, असे 45 जण त्यांनी संगणकासमोर बसवले आणि अनोळखी साइट तपासायला दिल्या. अभ्यासक आणि विद्यार्थी ती साइट वरून खालपर्यंत वाचत बसले. छान मांडणी, बोधचिन्ह, भारदस्त नाव बघून त्यातले बरेच फसले. बातम्या तपासणारे मात्र आल्या आल्या त्या पानावरून बाहेर पडले. नवीन टॅब उघडून त्यांनी शोधलं की या साइटबद्दल इतर लोक काय म्हणतात. त्यांचं उत्तर लवकर आलं आणि बरोबर आलं. मला यात नवल वाटलं नाही. मुलीसाठी स्थळ आलं तर आपण मुलाच्या घरचा चहा पिऊन ठरवत नाही, गावात चार ठिकाणी चौकशी करतो. तेच आहे हे.

आता चित्रांचं. हा भाग बोलायला जड आहे. आपल्यापासून जवळच, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात 1 जुलै 2018 ला, आठवडे बाजाराच्या दिवशी, मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. त्या काळात देशभर मुलं पळवण्याचे व्हिडिओ फिरत होते. त्यातला एक, मोटरसायकलवरून मूल उचलून नेण्याचा, मुळात पाकिस्तानात कराचीतल्या जनजागृतीसाठी केलेला होता. शेवटी ते मूल परत आणून सोडतात आणि मुलांकडे लक्ष ठेवा असा फलक दाखवतात. तो शेवट कोणीतरी कापला, आणि उरलेला तुकडा आपल्याकडे खरा म्हणून फिरला. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एकावेळी पाचच ठिकाणी मजकूर पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली.

अशा वेळी पाचवं साधन कामाचं आहे. क्रोममध्ये चित्रावर बोट दाबून धरलं की गुगलवर ते चित्र शोधायचा पर्याय येतो. व्हिडिओ असेल तर तो थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि तो शोधा. हेच चित्र आधी कुठे, कधी आलं होतं, ते बऱ्याचदा सापडतं. नाही सापडलं तर खरं आहे असं होत नाही. फक्त आपल्याला माहीत नाही, आणि जे माहीत नाही ते पुढे पाठवायचं नाही.

काही लोक विचारतात, साइटला गुण देणारं एखादं तयार साधन नाही का? आहे. ब्राउझरला जोडायची अशी छोटी साधनं असतात, त्यांना एक्स्टेन्शन म्हणतात. अमेरिकेत 2018 मध्ये न्यूजगार्ड नावाचं निघालं. पत्रकार साइट तपासतात आणि गुण देतात. पण गुण देणारीही माणसंच. ब्रिटनच्या डेली मेलच्या साइटला त्यांनी आधी लाल खूण दिली होती आणि जानेवारी 2019 मध्ये ती बदलून हिरवी केली. शिवाय कोणतंही एक्स्टेन्शन घेताना ते काय परवानगी मागतं ते वाचा. 'सर्व साइटवरची तुमची सर्व माहिती वाचणे व बदलणे' असं लिहिलेलं असेल, तर तुम्ही घराची किल्ली देताय. त्याच ब्राउझरमध्ये तुमची बँकही उघडते.

आता परत माझ्या कांद्याकडे येतो. मी ही सगळी साधनं त्या रविवारी वापरली असती तर वाचलो असतो का? खरं सांगतो, पहिल्या तीन साधनांनी वाचलो नसतो. कारण ती बातमी फालतू साइटवर नव्हती. नावाजलेल्या माध्यमांनीही ती दिली होती. पत्ता बरोबर, संपादकाचं नाव ठीक. साधनाने हिरवी खूणच दिली असती. साइट विश्वासाची आहे म्हणून तिच्यावरची प्रत्येक बातमी पक्की, असं नसतं.

मला वाचवलं असतं ते नवीन टॅबने. निर्यातीवरची बंदी बातमीने उठत नाही, परकीय व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचनेने उठते. ती त्यांच्या सरकारी साइटवर लागते, क्रमांक आणि तारखेसह. मी दोन मिनिटं तिथे गेलो असतो तर दिसलं असतं की बंदी उठवल्याची अधिसूचना निघालेलीच नाही. मग भावाला एवढंच सांगितलं असतं की चर्चा आहे, आदेश नाही, तुझं तू ठरव. तीन साइटवर वाचलं म्हणून मला तीन साक्षीदार मिळाले असं वाटलं होतं. तिघांनीही मूळ कागद दाखवला नव्हता.

म्हणून कमिटीला एक विनंती आहे. आपल्या ग्रुपवर पैसा, आजार, दंगा किंवा मुलांची सुरक्षितता याबद्दलची बातमी टाकायची असेल, तर सोबत एक ओळ लिहू या, मूळ आदेश किंवा माहिती कुठे बघितली. बघितली नसेल तर 'तपासलेलं नाही' असं स्पष्ट लिहायचं. चुकीचं टाकलं गेलं तर गुपचूप डिलीट न करता त्याच ग्रुपवर 'माझं चुकलं' म्हणायचं. ज्येष्ठांना जमत नसेल तर आपल्याच बिल्डिंगमधली दहावी-बारावीची मुलं दाखवतील. आणि मुलांनो, दाखवताना हसायचं नाही. तुमच्या आजोबांना फोनचं बटण नवीन असेल, पण कोणाच्या शब्दावर किती विश्वास ठेवायचा हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

ही सूचना मान्य झाली तर ग्रुपवर पहिलं 'माझं चुकलं' माझंच असेल. 18 फेब्रुवारीची ती बातमी मी अजून दुरुस्त केलेली नाही.