नाण्यावरचा तारा



चांदीचा रुपया चलनांत होता तेव्हां सराफ तो दगडावर वाजवून घेत असे. नाद खणखणीत आला, कीं त्याची परीक्षा संपली. नाण्यांच्या अभ्यासकाची परीक्षा मात्र तेथून पुढें सुरू होते. नाण्याची चांदी खरी आहे एवढ्यानें त्याचें समाधान होत नाहीं. त्या चांदीवरची प्रत्येक खूण खरी आहे काय, हें त्याला पाहावयाचें असतें.

प्रथम नाणें कसें पडतें तें पाहूं. टांकसाळींत प्रत्येक नाण्यासाठीं दोन पोलादी ठसे लागतात. त्यांच्यामध्यें धातूची कोरी चकती ठेवून मोठा दाब दिला, कीं दोन्ही बाजू एकदम उमटतात. ठशांत जें खोल, तें नाण्यावर उंच येतें. ठशावर जें उंच, तें नाण्यांत खोल जातें. एवढें आपण लक्षांत ठेवावें. पुढें त्याचा उपयोग होईल. आतां, चकती जागेवरून सरकली आणि चित्र अर्धवट उमटलें, तर ती चूक त्या एका नाण्यापुरतीच राहते. परंतु ठशांतच वेगळेपण असेल, तर त्याच्याखालून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर तें उतरतें. याला ठसाभेद म्हणावें.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा पहिला स्मारक-डॉलर हें याचें उत्तम उदाहरण होय. लाफायेत या फ्रेंच सेनानीचा पुतळा पॅरिसमध्यें उभारावयाचा होता, त्याच्या निधीसाठीं हें नाणें निघालें. त्यावर साल १९०० आहे. पण तीं सुमारें ५०,००० नाणीं फिलाडेल्फियाच्या टांकसाळींत १४ डिसेंबर १८९९ रोजीं, म्हणजे वॉशिंग्टनच्या मृत्यूला शंभर वर्षें पुरीं झालीं त्या दिवशीं, पाडण्यांत आलीं. त्यांसाठीं एकाहून अधिक ठसे वापरले आणि त्यांवरचीं अक्षरें हातानें ठोकलीं. त्यामुळें कोठें अक्षर किंचित् सरकलें, कोठें पानांच्या फांदीवर १४ पानें आलीं तर कोठें १५. कारागिराचा हात असा ओळखूं येतो. यांत लबाडी नाहीं. किती ठसे झिजले आणि कोणत्या ठशाशीं कोणता जुळविला, हें मात्र त्यावरून कळतें.

पुढें संग्राहकांच्या या हौसेचा व्यापार झाला. १९२१ सालीं मिसूरी संस्थानाच्या अर्ध्या डॉलरच्या कांहीं नाण्यांवर दोन आणि चार या आंकड्यांमध्यें तारा घातला. मिसूरी हें २४ वें संस्थान, एवढा तरी त्याला अर्थ होता. १९२२ सालीं सेनापति ग्रँट याच्या जन्मशताब्दीचीं नाणीं निघालीं. त्यांपैकीं अर्ध्या डॉलरच्या सुमारें ५,००० नाण्यांवर ग्रँटच्या नांवाजवळ एक लहान तारा उमटविला. त्या ताऱ्याचा ग्रँटच्या चरित्राशीं कांहींएक संबंध नव्हता. संग्राहकाला एकाऐवजीं दोन नाणीं घेणें भाग पडावें, हाच त्याचा अर्थ. बिनताऱ्याचीं नाणीं मात्र ताऱ्याच्या नाण्यांच्या कितीतरी पट निघालीं होतीं; साहजिकच ताऱ्याचा भाव चढला.

जेथें भाव चढतो, तेथें लबाड हात पोंचतोच. हा तारा नाण्यांत खोल गेलेला आहे. तेव्हां साध्या नाण्यावर ताऱ्याच्या आकाराची पोलादी खूण ठेवून हातोडीचा एक घाव घातला, कीं काम झालें! चांदी खरी, ग्रँट खरा, सालहि खरें. खोटा तेवढा तारा.

मग तो ओळखावा कसा? नाणें उलटून पाहावें. टांकसाळींत दोन्ही बाजूंवर एकाच वेळीं दाब पडतो, म्हणून मागील चित्राला धक्का लागत नाहीं. हातोडीच्या घावाला मात्र खालून ठशाचा आधार नसतो; ताऱ्याच्या बरोबर पाठीमागें, ग्रँटच्या जन्मघराच्या चित्रांत, तेवढा भाग चपटा होतो. ज्यानें पुढून फसविलें, त्याची साक्ष पाठीमागून मिळते.

म्हणून दुर्मीळ म्हणून कोणी नाणें पुढें केलें, तर ज्या खुणेची किंमत सांगितली जाते तिच्याकडे शेवटीं पाहावें, आणि ज्या बाजूविषयीं विकणारा कांहींच बोलत नाहीं ती आधीं पाहावी. टांकसाळीच्या चुकीला मोल येतें, कारण ती कोणी मुद्दाम केलेली नसते. चूक मुद्दाम बनविली, कीं उरतें तें केवळ बिघडलेलें नाणें.