मिलची जमीन आणि आपली आठवण

(मंडळाच्या गणेशोत्सवात ज्येष्ठ सभासदांच्या गटातर्फे झालेले भाषण)



अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या पाहायला अवघं इंदूर रस्त्यावर असतं. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी ही नावं आजच्या मुलांना या झांक्यांमुळेच ठाऊक आहेत. मिल बंद पडल्या तरी कामगारांनी वर्गणी काढून झांकी बंद पडू दिली नाही. झांकी पुढे निघून जाते. मागे उरते ती मिलची जमीन. तिच्याविषयी आज बोलायचं आहे.

आमच्यापैकी बरेच जण मिलच्या परिसरात वाढलो. शाळेच्या वाटेवर एका मिलच्या मागून नाला वाहायचा. पाणी आज निळं, तर उद्या लाल. आत कोणत्या रंगाचं कापड चाललंय, यावर आम्ही पोरं पैजा लावायचो. ते पाणी कुठे जिरतं, हे आम्ही कधी विचारलं नाही. मिल म्हणजे नुसते माग नव्हेत. ब्लीचिंग, रंगाई, बॉयलरची राख, ट्रान्सफॉर्मरचं तेल, ॲस्बेस्टॉसचे पत्रे, असं बरंच काही तिथे असे. यंत्रं भंगारात गेली तरी यातलं काही मातीत राहू शकतं. ते राहिलंच आहे असं आम्ही म्हणत नाही; पण तपासल्याशिवाय नाही, असंही कुणी म्हणू नये.

हुकुमचंद मिलची जागा सुमारे ४२ एकर. कामगारांच्या थकबाकीचे २२४ कोटी रुपये २५ डिसेंबर २०२३ रोजी सुपूर्द झाले, मिल बंद पडून तीस वर्षं उलटल्यावर. तोवर कितीतरी जण वाट बघत गेले. त्या काळात तिथे झाडी वाढली आणि आता ती वाचवा असं लोक म्हणत आहेत. त्या जागेवर घरं व्हावीत, बाजार व्हावा की बाग राहावी, यावर वाद होऊ शकतो. पण जमिनीची तपासणी आधी, नकाशा नंतर, यावर वाद नसावा.

उशीर केला की काय होतं, हे आपल्या शेजारीच पाहिलं. भोपाळची वायुदुर्घटना १९८४ ची. तिथल्या बंद कारखान्यातला सुमारे ३३७ टन कचरा पीथमपूरला आला जानेवारी २०२५ मध्ये, आणि लोक घाबरून रस्त्यावर उतरले. तो जाळून झाला. पण तो फक्त गोळा करून ठेवलेला कचरा होता. माती आणि भूजल यांचा प्रश्न भोपाळमध्ये तसाच आहे.

मनावर घेतलं तर काम होतं, हेही इंदूरनेच दाखवलं. देवगुराडियाचे कचऱ्याचे डोंगर आठवतात? सुमारे १३ लाख टन जुना कचरा चाळून, वेगळा करून २०१८ मध्ये १०० एकर जागा मोकळी केली. तिथेच २०२२ पासून रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करण्याचा प्रकल्प उभा आहे.

मग आपण काय करायचं? दूषित जागांसाठी केंद्र सरकारचे नियम २०२५ मध्ये आले. संशयित जागांची यादी जिल्हा पातळीवरून वर जायची आहे. पण रंगखाता कुठे होता, राख कुठे टाकायचे, कोणती विहीर बुजवली, हे कचेरीतल्या कुठल्याही फायलीत सापडेलच असं नाही. ते ऐंशी-पंच्याऐंशीच्या जुन्या कामगारांना ठाऊक आहे, आणि दरवर्षी त्यांतले काही कमी होत आहेत.

म्हणून मंडळाला विनंती आहे. पुढल्या गणेशोत्सवापर्यंत आपण या काकांच्या, आजोबांच्या घरी जाऊ. त्यांच्या सांगण्यावरून प्रत्येक मिलचा एक कच्चा नकाशा काढू आणि तो प्रशासनाला लेखी देऊ. सोबत तीन प्रश्न विचारू: माती आणि पाणी किती खोलवर तपासलं? अहवाल लोकांना कुठे बघायला मिळेल? दोष निघाला तर तो काढायचा खर्च कोणाचा? घर घेणाऱ्या आपल्या मुलांनीही बिल्डरला हेच विचारावं. स्वयंपाकघर कसं आहे ते मागाहून बघता येईल.

आपण गणपती मातीचा बसवतो. आणताना ती माती चांगली आहे ना, हे निरखून घेतो. ज्या मातीवर नातवंडं खेळणार, तिची एवढी तरी चौकशी करू या.

गणपती बाप्पा मोरया!