शेक्सपिअर आला, सर्व्हान्तेस का नाही आला?

पिंपळे सौदागरहून बोलतेय. मागे कुकरची शिट्टी ऐकू आली तर सांभाळून घ्या, स्टुडिओ म्हणजे आमची बेडरूमच आहे.

२३ एप्रिलला, जागतिक पुस्तक दिनी, सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये मी दोन लेखकांवर बोलले. इंग्लंडचा शेक्सपिअर आणि स्पेनचा सर्व्हान्तेस. दोघेही २३ एप्रिल १६१६ ला गेले असं सांगतात. खरं तर सर्व्हान्तेस २२ ला गेला, २३ ला त्याचं दफन झालं. शिवाय इंग्लंडचं कॅलेंडर तेव्हा दहा दिवस मागे होतं. म्हणजे अंतर अकरा दिवसांचं.

विचारलं, शेक्सपिअर कुणाकुणाला माहीत आहे? सगळे हात वर. सर्व्हान्तेस? दोनच हात. एक आजोबा म्हणाले, "मग तो जरा लहान लेखक असणार."

लहान? १५७१ च्या लेपांतोच्या आरमारी लढाईत त्याचा डावा हात निकामी झाला. पुढे पाच वर्षं अल्जिअर्समध्ये कैद. 'डॉन किहोते'चा पहिला भाग १६०५ मध्ये आला, तेव्हा तो सत्तावन्न वर्षांचा होता. पवनचक्क्यांना राक्षस समजून भिडणारा त्याचा नायक. आधी आपण त्याला हसतो, मग नकळत त्याच्या बाजूचे होतो.

मला दोघांत फरक वाटतो तो असा. शेक्सपिअरचा हॅम्लेट रंगमंचावर एकटा उभा राहून मनातलं बोलतो. सर्व्हान्तेसचे किहोते आणि सांचो रस्त्यानं गप्पा मारत जातात आणि हळूहळू एकमेकांसारखे होतात. एकानं माणूस आतून दाखवला, दुसऱ्यानं सोबतीनं बदलणारा. यात लहान-मोठं कसं ठरवणार?

मग एकच का पोहोचला? कारण त्याला आणणारे होते. इंग्रजी सत्ताधाऱ्यांची भाषा, कॉलेजात शेक्सपिअर, आणि आपण नाटकवेडे. आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' केलं. देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला. १९७० मध्ये शिरवाडकरांचा 'नटसम्राट' आला, त्यामागे 'किंग लिअर' होता. स्पॅनिश शिकलेला आगरकर आपल्याला मिळाला नाही, एवढंच.

आणि गंमत बघा. त्याच १६१६ मध्ये गोव्यात राचोलला एक मराठी ग्रंथ छापला गेला: 'ख्रिस्तपुराण'. लिहिणारा थॉमस स्टीफन्स, इंग्लंडहून १५७९ मध्ये आलेला जेझुइट पाद्री. पोर्तुगालची गादी तेव्हा स्पेनच्या राजाकडे होती, म्हणजे गोवाही त्याच्याच अमलाखाली. हेतू धर्मप्रसाराचा होता, हे उघड आहे. पण त्यासाठी त्यानं आपली ओवी आत्मसात केली आणि जवळजवळ अकरा हजार ओव्या रचल्या. छपाई मात्र रोमन लिपीत.

म्हणजे लेखक आपल्या पायांनी येत नाही. कुणीतरी भाषा शिकतं, वर्षं घालवतं, तेव्हा तो येतो. आमच्या बिल्डिंगमधली मुलं चाकणच्या नोकऱ्यांसाठी जर्मन, जपानी शिकतात. त्यातलं एखादं स्पॅनिशकडे वळलं तर?

हे आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "तोवर काय थांबायचं? इंग्रजीतलं आण. मोठ्या अक्षरातलं."

आणून दिलंय. सध्या ते पवनचक्क्यांपर्यंत आलेत. तुम्ही कुठपर्यंत आलात, जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!