घर नाकारणारे फक्त 'ते'च आहेत का?



शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुण्या-मुंबईत घर शोधलेल्यांना हा अनुभव सांगायला नको. फोनवर भाडं ठरतं, डिपॉझिट ठरतं. मग नाव विचारलं जातं आणि उत्तर येतं, "सोसायटी परवानगी देत नाही."

१९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी कुटुंबं मुंब्र्याला गेली. जिवाच्या भीतीने माणसं आपल्या लोकांत जातात. पण अशा वस्त्यांपर्यंत पाणी, शाळा, बँका नीट पोहोचत नाहीत, हे सच्चर समितीने २००६ साली सरकारलाच सांगितलं.

कायदा काय म्हणतो? घटनेच्या कलम १५(२) मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते आहेत. भाड्याचं घर नाही. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने अहमदाबादच्या एका सोसायटीचा फक्त पारशांना सभासद करण्याचा पोटनियम वैध ठरवला. आपल्या राज्यात मात्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चं कलम २३ आहे. पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. नाकारलं तर निबंधकाकडे अपील करता येतं. म्हणून घर विकत घेताना नकार लेखी मागा.

भाडेकरूला हे संरक्षण नाही. ते देता येत नाही असं मात्र नाही. एचआयव्हीबाधितांसाठी २०१७ च्या आणि तृतीयपंथीयांसाठी २०१९ च्या कायद्याने घर भाड्याने देताना भेदभाव करायला मनाई केली आहे. हीच मनाई धर्म, जात, एकटी बाई यांच्या बाबतीतही हवी, अशी आपली मागणी असली पाहिजे.

पण ही मागणी करताना आपल्या मोहल्ल्याकडेही पाहू या. तलाक झालेल्या बाईला खोली मिळते का? तृतीयपंथीयाला? पारधी कुटुंबाला? "लोक काय म्हणतील" हे आपलं उत्तर आणि "सोसायटी परवानगी देत नाही" हे त्यांचं उत्तर, यात फरक किती?

शेजाऱ्याचा हक्क आपल्याला लहानपणापासून शिकवला जातो. शेजारी कोण असावा याची अट त्यात कुणी घातलेली नाही. तुमच्या घरची एखादी खोली भाड्याने जात असेल, तर आज अब्बा-अम्मींशी एवढं बोला. आपल्या दारात जो न्याय आपण देऊ, तोच बाहेर ठणकावून मागता येईल.