दवाखान्याच्या दारात एकटं जायचं नाही

(पुणे शहरात झालेल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत आमच्या भागातर्फे केलेलं भाषण. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत. गावात वाचून दाखवावं.)



आपली संघटना जमिनीची. आपण भांडतो ते कसत असलेल्या वनजमिनीसाठी, सातबाऱ्यासाठी, धरणात गेलेल्या खाचरांसाठी. मग आज दवाखान्यावर कशाला बोलायचं, असं बैठकीच्या आधी दोघातिघांनी विचारलं. विचारलं ते बरं झालं. आंबेगाव, जुन्नर, खेडच्या डोंगरातल्या कुठल्याही घरात जा आणि विचारा, कर्ज कशानं झालं? दोन कारणं पुढे येतात. लग्न आणि आजारपण. लग्न एक वर्ष पुढे ढकलता येतं. आजारपण ढकलता येत नाही. माणूस आडवा पडला की आधी शेळी जाते. मग पुढच्या हंगामातल्या हिरड्यावर व्यापाऱ्याकडून उचल घेतली जाते, आणि हिरडा झाडावर असतानाच त्याचा भाव व्यापारी ठरवतो. तेवढ्यानं भागलं नाही तर खाचर गहाण पडतं. वनखात्याला चाळीस वर्षांत जी जमीन सोडवून घेता आली नाही ती एका ऑपरेशनात गेली, अशी घरं आमच्या भागात आहेत. म्हणून हा विषय जमिनीचाच आहे.

गेली दोन वर्षं आम्ही आमच्या गावांतले पेशंट घेऊन पुण्याला येतोय. सरकारी, महापालिकेचे आणि ट्रस्टचे, तिन्ही तऱ्हेचे दवाखाने पाहिले. आज आम्ही कुठल्याच दवाखान्याचं नाव घेणार नाही. आपल्या माणसांना टाके काढायला, तपासणीला उद्या तिथेच जायचंय. नावं द्यायची वेळ येईल तेव्हा ती लेखी तक्रारीत जातील, आमच्या सहीनिशी.

आधी चांगलं सांगतो. नाही सांगितलं तर तो खोटेपणा होईल.

आमच्या वाडीतल्या एका पोराला रात्री झोपेत मण्यार चावली. तालुक्याला पहिली इंजेक्शनं दिली आणि पुण्याला पाठवलं. पोरगा पोचला तेव्हा त्याच्या पापण्या उघडत नव्हत्या, श्वास तुटत होता. आमच्याच वयाचा एक डॉक्टर रात्रभर त्याच्या उशाशी उभा होता. मशीन मोकळं होईपर्यंत तो आणि सिस्टर पाळीपाळीनं हातानं फुगा दाबून श्वास देत होते. कुणी पैसा मागितला नाही. आठव्या दिवशी पोरगा चालत एसटीत बसला. एका बाळंतिणीला रक्त लागत होतं आणि आमच्यातल्या कुणाचा गट जुळेना, तेव्हा तिथल्याच शिकाऊ डॉक्टरनं आपली बाटली दिली. झाडू मारणाऱ्या एका मामांनी तर आम्हाला सगळा दवाखाना शिकवला. कुठली खिडकी किती वाजता उघडते, एक्स-रे कुठे, सवलतीची सही कोण करतं, हे पाटीवर नव्हतं, मामांच्या तोंडी होतं. ही माणसं आपली आहेत, हे विसरायचं नाही.

आता दुसरी बाजू.

एक कातकरी आजी पोट धरून आली. केसपेपरच्या खिडकीवर पत्ता विचारला. आजीनं वाडीचं नाव सांगितलं. गाव, पोस्ट, पिनकोड विचारला. आजी गप्प. मागची रांग ओरडायला लागली. आजी बाजूला झाली ती दुपारपर्यंत भिंतीला टेकून बसली, कारण बाजूला झालेल्या माणसाला परत रांगेत कुणी घेत नाही. दुसऱ्या एका ठिकाणी, "औषध संपलंय, बाहेरून आणा," अशी चिठ्ठी दिवसातून तीनदा हातात पडली. तीन चिठ्ठ्यांत त्या घराची महिन्याची मजुरी गेली. तिसऱ्या ठिकाणी पेशंट दगावला. दवाखान्यानं बॉडी दिली, कागद दिला, आणि विषय संपला. पुण्यातून डोंगरापर्यंत प्रेत न्यायला गाडीवाल्यानं जे सांगितलं ते ऐकून बाप म्हणाला, इथंच जाळू या. आईनं पोराचं तोंड पाहिलं नाही. ही गोष्ट आम्ही कुठल्या तक्रारीच्या रकान्यात लिहायची?

आणि एक वाक्य तर आम्ही जिथं तिथं ऐकलं. "तुम्ही लोक उशिरा येता."

साथींनो, उशीर कुठून सुरू होतो ते कुणी मोजत नाही. वाडीपासून डांबरी रस्ता दोन तास, माणूस झोळीत. उपकेंद्राला कुलूप. तिथून जीप मिळाली तर घोडेगाव. घोडेगावला सांगतात मंचर, मंचरला सांगतात पुणे. प्रत्येक ठिकाणी एक चिठ्ठी आणि प्रत्येक चिठ्ठीमागे भाड्याचे पैसे गोळा करायला अर्धा दिवस. आम्ही उशिरा येत नाही, आम्हाला उशिरा आणलं जातं.

भीतीनंही उशीर होतो, ते खरंय. पण दवाखान्याची भीती काय फक्त आदिवासींना आहे? १८९७ साली या पुणे शहरात प्लेग होता. रँडच्या शिपायांनी घरं झडायला सुरुवात केली तेव्हा शिकली-सवरलेली पुणेकर माणसंसुद्धा आपले आजारी लपवून ठेवत होती. सरकारी दवाखान्यात नेलेलं माणूस परत येत नाही, अशी समजूत होती. त्याच साथीत सावित्रीबाई फुले मुलाच्या, डॉक्टर यशवंतच्या, दवाखान्यात रोग्यांची सेवा करत होत्या आणि त्यातच १० मार्चला गेल्या. भीती दांडक्यानं जात नाही. आपलं माणूस सोबत असलं की जाते.

आता अंगठ्याची गोष्ट. आपल्या आजे-पणज्यांनी सावकाराच्या कागदावर अंगठे दिले. कागदावर काय लिहिलंय ते वाचून कुणी दाखवलं नाही. जमिनी तशा गेल्या. दवाखान्यातही ऑपरेशनच्या आधी एक कागद पुढे येतो. "इथं अंगठा करा, लवकर." काय कापणार, काय धोका आहे, दुसरा इलाज आहे का, हे कोण सांगणार? एका बाईनं आम्हाला विचारलं, "माझं नेमकं काय काढलं?" तिला तोवर चार महिने झाले होते. तिच्या फाइलीत अंगठा होता.

या शहरातलाच दुसरा एक कागद आहे. १९२४ साली गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. अपेंडिक्सचं दुखणं उठलं. १२ जानेवारीच्या रात्री ससून रुग्णालयात त्यांचं ऑपरेशन झालं. करणारे सर्जन कर्नल मॅडॉक, इंग्रज सरकारचे अधिकारी. ऑपरेशन चालू असताना वीज गेली आणि राहिलेलं काम कंदिलाच्या उजेडात पुरं केलं. पण त्याआधी काय झालं ते लक्षात ठेवा. पेशंटला दुखणं समजावून सांगितलं. श्रीनिवास शास्त्रींना बोलावून घेतलं. मग संमतीच्या मजकुरावर गांधीजींनी सही केली. ५ फेब्रुवारीला सरकारनं त्यांना सोडूनही दिलं. हा माणूस कैदी होता, त्याच सरकारशी भांडणारा होता. तरी त्याला विचारून, साक्षीदार ठेवून उपचार झाले, कारण सरकारला ठाऊक होतं की देश बघतोय.

आमच्या दोन वर्षांच्या अनुभवाचं सारही हेच आहे. एकाच दवाखान्यात, एकाच आठवड्यात एका पेशंटचं चांगलं झालं आणि दुसऱ्याचं वाईट. लोक म्हणतात नशीब. आम्ही वहीत बघितलं तर ज्याच्यासोबत वाचता येणारं, विचारणारं माणूस होतं त्याचं काम बहुतेक वेळा झालं. जो एकटा होता तो भिंतीला टेकून बसला. डॉक्टर वाईट म्हणून नव्हे. एकेका वॉर्डात खाटांपेक्षा जास्त माणसं, खाली गाद्या टाकलेल्या, आणि शिकाऊ डॉक्टर दोन दिवस झोपलेला नसतो. अशा गर्दीत जो बोलतो तोच दिसतो. आपला माणूस बोलत नाही.

म्हणून कायदा काय म्हणतो ते पाठ करून ठेवू या. तीनच गोष्टी आहेत.

पहिली. १९८९ साली सुप्रीम कोर्टानं परमानंद कटारा खटल्यात सांगितलं की अपघातातला जखमी आला तर आधी जीव वाचवायचा, पोलीस आणि कागद नंतर. हे सरकारी आणि खासगी दोन्ही डॉक्टरांना लागू आहे.

दुसरी आपल्यासारख्याच माणसाची. ८ जुलै १९९२ ला बंगालमध्ये हकीम शेख नावाचा एक शेतमजूर रेल्वेतून पडला. डोक्याला मार. एकामागून एक सरकारी दवाखाने त्याला फिरवत राहिले. कुठं सोय नाही, कुठं खाट नाही. शेवटी खासगीत पैसे भरून त्याचे उपचार झाले. तो एकटा असता तर गोष्ट तिथं संपली असती. पण तो पश्चिम बंग खेत मजदूर समितीचा सभासद होता. मजुरांची संघटना थेट सुप्रीम कोर्टात गेली. ६ मे १९९६ ला निकाल लागला. तातडीच्या वेळी सरकारी दवाखान्यानं उपचार नाकारणं म्हणजे घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भंग, आणि पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही. हकीम शेखला २५ हजार रुपये भरपाई मिळाली. शेतमजुरांच्या संघटनेनं मिळवलेला हा हक्क आज सगळ्या देशाचा आहे.

तिसरी पुण्यासाठी फार कामाची. इथले पुष्कळ मोठे खासगी दवाखाने धर्मादाय ट्रस्टचे आहेत. त्यांना करात आणि इतर सवलती मिळतात, म्हणजे त्यात लोकांचा पैसा आहे. मुंबई हायकोर्टानं २००६ साली त्यांच्यासाठी योजना ठरवून दिली. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. २००६ साली निर्धन म्हणजे वर्षाचं उत्पन्न २५ हजारांपर्यंत, दुर्बल म्हणजे ५० हजारांपर्यंत, असं धरलं होतं. दवाखान्यानं बिलांच्या २ टक्के रक्कम त्यासाठीच्या निधीत बाजूला ठेवायची. तातडीचा पेशंट आला तर डिपॉझिट न मागता दाखल करून जीव वाचवण्याचे उपचार द्यायचे. ऐकलं नाही तर धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार. ही योजना आमच्या वाडीत कुणालाच ठाऊक नव्हती. ज्या दारात झगमगाट दिसतो तिथून आपण आपणहून मागे फिरत होतो.

पण मोफत खाट मागितली की ते विचारतात तहसीलदाराचा दाखला किंवा रेशनकार्ड. आणि इथं आपण परत जमिनीवर येतो. ज्या कातकऱ्याच्या नावावर गुंठा नाही, घराची जागा मालकाची, जो वीटभट्टीवर सहा महिने बाहेर, त्याच्याकडे कागद कुठला? सगळ्यात गरीब माणसाकडे गरिबीचा पुरावा नसतो. १ जानेवारी २००८ पासून वनहक्काचे नियम लागू झालेत. त्यात गावातल्या जुन्या माणसाचा लेखी जबाब पुरावा म्हणून धरतात. मग दवाखान्याच्या खिडकीवर ग्रामसभेचा ठराव का धरत नाहीत? अमुक माणूस आमच्या वाडीचा आहे आणि निर्धन आहे, हे आम्ही पन्नास माणसं अंगठे करून लिहून देतो. ही मागणी आपण कलेक्टरकडे आणि धर्मादाय आयुक्तांकडे लावून धरली पाहिजे.

कामं काय करायची ते थोडक्यात.

वनहक्काच्या दाव्यांसाठी आपण घराघरातून कागद गोळा करतोच आहोत. त्याच फेरीत रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला बघायचा. नसेल तर अर्ज तेव्हाच भरायचा. झेरॉक्सची एक पिशवी घरात खुंटीला टांगून ठेवायची. माणूस झोळीत घातला की पिशवी त्याच्यासोबत निघाली पाहिजे.

प्रत्येक पेशंटसोबत दोन माणसं. एक उशाशी, एक खिडकीवर. दोघांतला एक लिहिता-वाचता हवा. दहावी-बारावी झालेल्या पोरा-पोरींनो, तुमच्या शिक्षणाला नोकरी मिळेल तेव्हा मिळेल, हे काम आजच आहे.

अंगठ्याआधी कागद वाचून मागायचा. मोठ्या आवाजात, पण नम्रपणे. "साहेब, आम्हाला मराठीत सांगा, मग सही करतो." मोठ्या दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक असतात. त्यांची खोली पहिल्या दिवशी शोधायची, शेवटच्या दिवशी नाही.

वही ठेवायची. तारीख, वेळ, कोण काय बोललं, किती पैसे गेले. चांगलंही लिहायचं. ज्या सिस्टरनं, ज्या मामांनी मदत केली त्यांच्या वरिष्ठांना गावाच्या सह्यांचं आभाराचं पत्र पाठवायचं. अशी दोन पत्रं आम्ही पाठवली. पुढच्या खेपेला त्या वॉर्डात आमच्या पेशंटला लोक नावानं हाक मारत होते.

आणि सरकारकडे मागायचं ते चौघांनी नाही, मोर्चानं. उपकेंद्राचं कुलूप काढा. पुण्यात आदिवासी पेशंटच्या नातेवाइकांना मुक्कामाची जागा द्या. खिडकीवर आमची बोली कळणारं एक माणूस बसवा. आणि मेलेल्या माणसाला त्याच्या गावापर्यंत पोचवा. ही भीक नाही. ज्या धरणांसाठी आमची खाचरं बुडाली त्यांच्या पाण्यावर बाकीच्यांची शेती पिकते. आम्ही त्याचा हिशोब मागत आलोय. दवाखाना त्या हिशोबातलीच एक रक्कम आहे.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला प्रत्येक गावानं दोन माणसांची नावं घेऊन यायचं. जे पेशंटसोबत जातील त्यांची. नावं आली की पाळ्या लावू.

जमीन आमच्या हक्काची, दवाखानाही आमच्या हक्काचा.
संघटना जिंदाबाद!